विश्लेषण : चित्रातली हिरवी कार्यालये प्रत्यक्षात का कोमेजतात? फुकुओका आणि हैदराबादच्या इमारती काय सांगतात?

नव्या आयटी पार्कची जाहिरात उघडली की मजल्यामजल्यावरून वेली लोंबताना दिसतात, गच्चीवर दाट झाडी असते आणि काचेच्या भिंतीत आकाश उमटलेले असते. प्रत्यक्षात इमारत उभी राहते तेव्हा अनेकदा हाती उरते ती काच आणि प्रवेशद्वाराजवळच्या चार कुंड्या. दरम्यान, भूखंडावरची जुनी झाडे गेलेली असतात. निसर्गात मिसळून जाणारे कार्यालय बांधणे अशक्य नाही. जपानमध्ये अशी एक इमारत तीस वर्षांपासून उभी आहे आणि भारतातही एक वेगळा, परवडणारा मार्ग दिसतो. मात्र, या इमारतींचे यश सुंदर चित्रापेक्षा मातीचे वजन, पाण्याची सोय आणि माळ्याची पोहोच या तीन गोष्टींवर उभे आहे. हे गणित कसे मांडतात आणि ते कुठे चुकते, याचा हा आढावा.

फुकुओकातील डोंगरासारखी इमारत काय आहे?

जपानमधील फुकुओका शहराच्या तेंजिन या गजबजलेल्या व्यापारी भागात प्रांतिक सरकारच्या जुन्या कार्यालयाची जागा होती. शेजारी सार्वजनिक उद्यान. या जागेवर कार्यालये, सभागृहे आणि संगीतगृह असलेली मोठी इमारत हवी होती, पण ती बांधली तर शहराच्या मध्यभागातली मोकळी जागा आणखी आक्रसणार होती. अर्जेंटिनात जन्मलेले वास्तुविशारद एमिलियो अंबाझ यांनी यावर सुचवलेला तोडगा ‘अ‍ॅक्रॉस फुकुओका’ या नावाने १९९५ मध्ये पूर्ण झाला.

रस्त्याच्या बाजूने पाहिले तर ही १४ मजल्यांची इमारत इतर कार्यालयांसारखीच, काचेची आणि सरळ उभी आहे. उद्यानाच्या बाजूने मात्र ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरते. प्रत्येक पायरीवर माती आणि झाडे आहेत. सुमारे ६० मीटर उंचीची ही हिरवी उतरंड खालच्या उद्यानाला जाऊन मिळते. त्यामुळे उद्यान कुठे संपते आणि इमारत कुठे सुरू होते, ते चटकन कळत नाही. ही बाग केवळ कार्यालयातल्या लोकांसाठी नाही. सामान्य नागरिकही बाहेरच्या पायऱ्यांनी वर चढू शकतात. जमीन घेतली, तिच्या बदल्यात तिरकी जमीन परत दिली, असा हा व्यवहार आहे.

तीस वर्षांत तिथे काय बदलले?

सुरुवातीला तिथे ७६ प्रजातींची सुमारे ३७ हजार रोपे लावण्यात आली होती. आज प्रजातींची संख्या १२० च्या आसपास आणि झाडांची संख्या ५० हजारांच्या घरात आहे. काही झाडे नंतर लावली गेली, तर काहींच्या बिया पक्ष्यांनी आणल्या. म्हणजे ही बाग पहिल्या दिवसापेक्षा आज अधिक भरलेली आहे. बहुतेक ‘हिरव्या’ इमारतींचे उलट होते. उद्घाटनाच्या दिवशी त्या सर्वाधिक हिरव्या असतात आणि नंतर दरवर्षी थोड्या थोड्या करड्या होत जातात.

हा फरक झाडांच्या निवडीने पडलेला नाही. फुकुओकात आधी बाग ठरली आणि मग तिला पेलणारी इमारत आखली गेली. बहुतेक ठिकाणी आधी इमारत ठरते, मग उरलेल्या जागेत झाडे बसवली जातात.

मातीचे वजन किती असते?

बागेची साधी माती पाण्याने भिजली की एका घनमीटरला साधारण १,८०० किलो भरते. म्हणजे गच्चीवर ३० सेंटिमीटर मातीचा थर टाकला तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५४० किलो भार येतो. भारतीय मानकांनुसार (आयएस ८७५) वापरातल्या गच्चीसाठी साधारण १५० किलो आणि कार्यालयाच्या मजल्यासाठी २५० ते ४०० किलो प्रति चौरस मीटर इतका वापराचा भार गृहीत धरतात. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर ३० सेंटिमीटर ओली माती म्हणजे ५४० टन. दहा टन माल नेणाऱ्या ५४ ट्रकांमधला माल एकाच वेळी गच्चीवर उतरवल्यासारखे हे आहे. शिवाय ३० सेंटिमीटरमध्ये गवत आणि छोटी झुडपे येतात. मोठ्या झाडाला मीटरभर किंवा त्याहून अधिक खोल माती लागते.

म्हणूनच इमारत झाल्यावर ‘आता वर बाग करू’ असे म्हणता येत नाही. खांब, तुळया आणि पाया यांचा हिशेब पहिल्या आराखड्यातच व्हावा लागतो. फुकुओकात वजनाने हलकी कृत्रिम माती वापरण्यात आली. शिवाय पायऱ्यांच्या रचनेमुळे प्रत्येक पायरीचा भार खालच्या मजल्यांवर नीट उतरतो. याउलट भिंतीबाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीच्या टोकाला झाड ठेवले, तर तेच वजन खांबापासून दूर जाते आणि तुळईवरचा ताण वाढतो. उंचावर वाऱ्याचा जोरही असतो. इटलीतील मिलान शहरात २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’ या निवासी मनोऱ्यांसाठी झाडांची विंड टनेलमध्ये चाचणी घ्यावी लागली होती आणि झाडे पोलादी तारांनी बांधावी लागली.

गळतीचे काय?

गच्चीवरील बागेला गृहनिर्माण सोसायट्या आणि कंपन्या नकार देतात तो मुख्यतः गळतीच्या भीतीने, आणि ही भीती रास्त आहे. बागेच्या मातीखाली जलरोधक थर, मुळांना अडवणारा थर, पाण्याचा निचरा करणारा थर आणि माती वाहू न देणारे कापड अशी रचना असते. यातला एकही थर फसला तर दुरुस्तीसाठी वरची सगळी माती उपसावी लागते. त्यामुळे माती टाकण्यापूर्वी गच्चीवर पाणी साठवून चाचणी करणे हा टाळता न येणारा टप्पा आहे. घाईत हाच टप्पा गाळला जातो.

पक्ष्यांनी आणलेल्या बियांची गोष्टही महाराष्ट्रात थोडी वेगळी असते. इथे पक्षी वड, पिंपळ आणि उंबराच्या बिया आणतात. ही रोपे भिंतीच्या फटीत रुजतात आणि मुळे काँक्रीट फोडतात. वेळीच उपटली नाहीत तर निसर्गाचे हे देणे इमारतीलाच महागात पडते.

पुण्यात किंवा मुंबईत फुकुओकाची नक्कल जमेल का?

जशीच्या तशी नाही. फुकुओकात पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, त्यामुळे बागेची बरीचशी तहान पावसावर भागते. पुण्यात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने बाग विकतच्या पाण्यावर जगते.

साधा हिशेब करून पाहता येतो. एक चौरस मीटर बागेला रोज पाच लिटर पाणी धरले, तर हजार चौरस मीटरला रोज पाच हजार लिटर लागतील. आठ महिन्यांत ही गरज १२ लाख लिटरवर जाते, म्हणजे दहा हजार लिटरचे १२० टँकर. ज्या उपनगरांत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तिथे कार्यालयाच्या वेली टँकरवर जगवणे याला पर्यावरणस्नेही म्हणणे अवघड आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर पाणी धरले जाते. हजार कर्मचाऱ्यांचे कार्यालय रोज ४५ हजार लिटर पाणी वापरते आणि त्यातले बहुतेक सांडपाणी म्हणून बाहेर पडते. बागेला लागणारे पाच हजार लिटर म्हणजे त्याचा नववा हिस्सा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र खरोखर चालू असेल आणि बागेसाठी वेगळी नळजोडणी असेल, तर नवे पाणी जवळजवळ लागतच नाही. हे केंद्र कागदावर सुरू आणि प्रत्यक्षात बंद असेल, तर बाग पहिल्याच उन्हाळ्यात सुकते.

हैदराबादच्या इमारतीने कोणता मार्ग काढला?

हैदराबाद येथील ‘केएमसी’ या कंपनीचे मुख्यालय २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा राहुल मेहरोत्रा यांच्या मुंबईतील ‘आरएमए आर्किटेक्ट्स’ या संस्थेचा. इथे गच्चीवर टनावारी माती चढवलेली नाही. इमारतीला दोन भिंती आहेत. आतली काँक्रीटची, नेहमीच्या खिडक्यांची. तिच्यापासून थोड्या अंतरावर ओतीव अ‍ॅल्युमिनियमची जाळी. या जाळीवर मातीविना रोपे वाढवण्याचे ट्रे बसवले आहेत. त्यांना ठिबक सिंचनाने पाणी मिळते आणि गरजेनुसार बारीक तुषार सोडले जातात. वेगवेगळ्या प्रजाती वेगवेगळ्या ऋतूंत फुलत असल्याने इमारतीचे बाह्यरूप वर्षभर बदलत राहते.

तुषारांमुळे जाळीतून येणारी हवा थंड होते. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून घर गार ठेवण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही.

या इमारतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र यंत्रणेची नाही. दोन भिंतींच्या मधल्या जागेत माळ्यांना फिरण्यासाठी मार्ग ठेवलेले आहेत. छाटणी, पाहणी आणि रोपे बदलण्याचे काम कर्मचाऱ्यांच्या खिडक्यांसमोरच चालते. वातानुकूलित खोलीत बसणारा अधिकारी आणि माळी एरवी एकमेकांच्या दृष्टीस पडत नाहीत. त्यांच्यातले अंतर थोडे कमी व्हावे, हाही या रचनेमागचा हेतू असल्याचे वास्तुविशारदांनी सांगितले आहे. त्याचा व्यावहारिक फायदाही आहे. जिथे माळी रोज सहज पोहोचतो तिथली झाडे जगतात. जिथे पोहोचायला दोर, झुला आणि बाहेरचा ठेकेदार लागतो, तिथे झाडांकडे वर्षातून दोनदा लक्ष जाते. डासांचा प्रश्नही इथेच सुटतो. ट्रेमध्ये साचलेले पाणी डेंग्यूच्या डासांना आयतेच मिळते. ते रोज पाहणारा माणूस असेल तरच हे टळते.

झाडांमुळे इमारत खरोखर थंड राहते का?

राहते, पण योग्य जागी असतील तर. पानांमधून पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता खर्च होते. शिवाय सावलीमुळे भिंत आणि गच्ची मुळातच कमी तापते. फुकुओकात घेतलेल्या मोजमापांत उघडे काँक्रीट आणि झाडांचा पृष्ठभाग यांच्या तापमानात १५ अंश सेल्सिअसपर्यंत फरक आढळला होता. महाराष्ट्रात दुपारनंतरचे ऊन झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला याचा सर्वाधिक लाभ मिळू शकतो. पश्चिमेला पूर्ण काच आणि उत्तरेला शोभेची हिरवी भिंत, असे उलटे नियोजन केले तर वीजबिलावर फारसा फरक पडत नाही.

हवा शुद्ध करण्याचा दावा मात्र तपासून घ्यायला हवा. ‘नासा’ने १९८९ मध्ये बंद पेटीत केलेल्या प्रयोगात रोपांनी काही रसायने शोषल्याचे दिसले आणि तेव्हापासून टेबलावरच्या कुंडीला हवा शुद्ध करणारे यंत्र मानले जाऊ लागले. मात्र, २०१९ मध्ये झालेल्या अनेक प्रयोगांच्या फेरआढाव्यात असे आढळले, की इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० रोपे लागतील. खिडकी उघडणे त्याहून सोपे आहे. डोळ्यांना आणि मनाला कुंडी बरी वाटते, हे कारण पुरेसे आहे. त्यासाठी खोटा दावा करण्याची गरज नाही.

इमारतीच्या आत बाग केली तर?

न्यू यॉर्कमधील ‘फोर्ड फाउंडेशन’ची १९६७ मधील इमारत हे याचे गाजलेले उदाहरण. १२ मजल्यांच्या कार्यालयाने वेढलेली, काचेखालची ही बाग केव्हिन रोश यांच्या इमारतीत डॅन कायली यांनी आखली. मात्र, मोकळ्या हवेत वाढणारी सुरुवातीची अनेक झाडे आतल्या वातावरणात तगली नाहीत आणि त्यांच्या जागी उष्ण प्रदेशातील झाडे आणावी लागली. माणसाला प्रसन्न वाटणारा उजेड झाडाला पुरेसा असतोच असे नाही, शिवाय माणसाला सुखद वाटणारे तापमान आणि झाडाची गरजही वेगळी असते.

जमिनीखाली काय असते, ते का महत्त्वाचे?

नव्या कार्यालयीन संकुलांत झाडांचा मोठा शत्रू भिंत नसून वाहनतळ आहे. तळघर किंवा पोडियम जवळजवळ पूर्ण भूखंडावर पसरते आणि वर जी ‘लँडस्केप गार्डन’ दिसते, तिच्याखाली काँक्रीटचा स्लॅब असतो. तिथे पाम आणि हिरवळ येते. कडुनिंब, करंज, बकुळ किंवा ताम्हण यांना हवी तशी पसरायला जमीन तिथे नसते. पावसाचे पाणीही भूगर्भात जात नाही. भूखंडाचा काही भाग खालपर्यंत मोकळा सोडला आणि जुनी झाडे जिथे आहेत त्या बाजूला तळघर नेले नाही, तर एक रुपयाही खर्च न करता सावली मिळते. पण विकासकाच्या दृष्टीने याचा अर्थ काही गाड्यांची जागा गमावणे असा होतो आणि बहुतेक वेळा झाडच हरते.

महाराष्ट्रातील नियम काय सांगतात?

राज्याच्या २०२० मधील एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत हरित प्रमाणपत्र मिळवणाऱ्या इमारतींना त्यांच्या दर्जानुसार मूळ एफएसआयवर ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय देण्याची तरतूद आहे. २० हजार चौरस मीटरच्या मूळ बांधकामावर ७ टक्के म्हणजे १,४०० चौरस मीटर जादा जागा. प्रोत्साहन म्हणून हे योग्यच आहे. मात्र, हरित मानांकनात वीज, पाणी, बांधकाम साहित्य अशा अनेक गोष्टींना गुण असतात. झाडे हा त्यातला एक भाग. त्यामुळे ‘ग्रीन बिल्डिंग’ आणि झाडांनी भरलेली इमारत या एकच गोष्टी नाहीत. दुसरे असे, की जादा मजला एकदा बांधला की तो कायमचा. त्याच्या बदल्यात दाखवलेली हिरवाई मात्र तिसऱ्या वर्षी नाहीशी होऊ शकते.

झाडांबाबतच्या राज्याच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना विशेष संरक्षण मिळाले आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. पण ४० वर्षांच्या झाडाच्या बदल्यातली ४० रोपे पोडियमच्या उथळ मातीत लावली, तर त्यातून ४० झाडे उभी राहणार नाहीत.

सिंगापूरने २००९ पासून ‘लश’ या कार्यक्रमातून वेगळी पद्धत स्वीकारली. ठरावीक भागांत इमारतीने व्यापलेल्या जमिनीच्या बदल्यात इमारतीतच बागेची जागा द्यावी लागते आणि ती क्षेत्रफळात मोजली जाते. गच्चीवरील बागांच्या खर्चाचा काही वाटा सरकारनेही उचलला. तिथे वर्षभर पाऊस असतो, हे खरे. पण हिरवाई मोजण्याजोगी गोष्ट मानणे, हे पावसावर अवलंबून नाही.

मग आपल्याकडे काय बदलायला हवे?

परवानगीच्या अर्जासोबत रंगीत चित्राऐवजी चार गोष्टी मागता येतील. एक, भूखंडावरील विद्यमान झाडांचा नकाशा आणि त्यावर तळघराची रेषा. दोन, प्रत्येक हिरव्या जागेतील मातीची खोली आणि त्या भारासाठी केलेला संरचनेचा हिशेब. तीन, जानेवारी ते मे या काळात पाणी कुठून येणार, याचे उत्तर. चार, प्रत्येक झाडापर्यंत माळी कसा पोहोचणार, याचा आराखडा आणि पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद.

वाढीव एफएसआय परत घेता येत नाही, त्यामुळे त्याच्या मूल्याचा काही भाग अनामत म्हणून महापालिकेकडे ठेवणे आणि पाच वर्षांनी झाडे मोजून ती परत करणे, हा मार्ग न्याय्य ठरेल. जो विकासक खरोखर बाग करणार आहे, त्याचे यात काही जात नाही. उद्घाटनाच्या फोटोपुरती बाग करणाऱ्याला मात्र पाचव्या उन्हाळ्यापर्यंत ती जगवावी लागेल, आणि तोवर तिच्या सावलीची सवय तिथे काम करणाऱ्यांनाही लागलेली असेल.